मध्यरात्रीच्या उन्हाला निघण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिपळूणजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "अहो कविराज, आम्ही दोघं नॉर्वेला निघालो. आकाशातले ते हिरवे प्रकाश बघायचे आहेत. हिची फार वर्षांची इच्छा. तुम्ही जाऊन आलात, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी विचारलं, "गुरुजी, कधी निघताय?"

"जूनमध्ये. थंडी कमी असते ना!"

मी क्षणभर गप्प झालो. जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तर भागात रात्रच होत नाही, आणि रात्र नाही तर ते प्रकाश दिसणार कुठून? दिवसा चांदण्या मोजायला निघण्यासारखंच ते. पण प्रवास ठरवून देणाऱ्याच्या रंगीत पत्रकावर एका बाजूला मध्यरात्रीचा सूर्य होता आणि दुसऱ्या बाजूला हिरवं आकाश. दोन्ही चित्रं एकाच सहलीची असावीत, असं गुरुजींनी धरून चाललं होतं. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे आगाऊ भरूनही झाले होते.

आजचं हे बोलणं त्या फोनमधूनच निघालं. मी काही प्रवासी कंपनीचा माणूस नाही. माझा भाचा आधी आखातात होता, पुढे तेलाच्याच कामासाठी स्टाव्हांगरला गेला. त्याच्या आग्रहामुळे २०१८ साली रमजान ईद झाल्यावर आम्ही पतीपत्नी तिकडे गेलो. तिथे जे पाहिलं, जिथे चुकलो आणि नंतर ज्याची चौकशी केली, तेवढंच सांगतो.

पहिला प्रश्न 'कुठे' हा नाही, 'कधी' हा आहे. नॉर्वे उत्तर-दक्षिण इतका लांब पसरलेला आहे की ऑस्लोला टाचणी टोचून देश दक्षिणेकडे फिरवला, तर त्याचं टोक जवळजवळ रोमपर्यंत पोचेल. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्त, पण लोकसंख्या सगळी मिळून पंचावन्न-छप्पन्न लाख. देशाचा वरचा भाग आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे आहे. ट्रोम्सो या तिथल्या मोठ्या शहरात साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. म्हणजे मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर उन्हाळा, आणि हिरवे प्रकाश हवे असतील तर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंतचे दिवस. एका फेरीत दोन्ही साधत नाही. कोणी साधून देतो म्हणाला, तर त्याला तारीख विचारा.

हे प्रकाश म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की बेत आखणं सोपं जातं. सूर्यापासून विद्युतभारित कण सतत बाहेर पडत असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांच्या आसपास वळवतं. तिथे साधारण शंभर किलोमीटर उंचीवर आणि त्याहून वर ते हवेतल्या प्राणवायूवर आणि नत्रवायूवर आदळतात आणि हवा उजळते. हिरवा रंग प्राणवायूचा. हे वर्षभर चालू असतं, दिसायला मात्र दोन गोष्टी लागतात, अंधार आणि निरभ्र आकाश. अंधार पंचांगावरून ठरवता येतो, ढगांचं काही सांगता येत नाही. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामावर भिस्त ठेवू नये. निदान तीन-चार रात्री हाताशी ठेवा. किनाऱ्यावर ढग असले तर डोंगरापलीकडे आतल्या भागात आकाश मोकळं असू शकतं, म्हणून तिथले वाटाडे गाडी घेऊन ढगांना चुकवत फिरतात. त्यांचे पैसे द्यायला काचकूच करू नका. आणि एवढं करूनही काही दिसलं नाही, तर तो कुणाचा दोष नसतो.

उन्हाळ्याचं गणित निराळं. मे महिन्यात हार्डांगरच्या खाडीकाठी सफरचंदाची झाडं फुलतात, वर डोंगरावर बर्फ असतो आणि ते वितळत असल्यामुळे धबधबे भरून वाहतात. मात्र घाटातले उंचावरचे काही रस्ते तेव्हा बंदच असतात, कधी कधी जूनपर्यंत. जून ते ऑगस्ट सगळं उघडं, आणि सगळं महाग. सप्टेंबरात गर्दी ओसरते, झाडं पिवळी-तांबडी होतात, आणि उत्तरेत रात्रही परत आलेली असते. मला पुन्हा जायला मिळालं, तर मी सप्टेंबरची अखेर निवडीन.

व्हिसाबद्दल थोडंच सांगतो, पण ते काटेकोर ऐका. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे. चलन युरो नव्हे, क्रोनर. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो गेलेलाच असावा. पंधरा दिवस हे कागदावरचं किमान झालं, उन्हाळ्याच्या हंगामात दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठीचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा सक्तीचा आहे. वयस्कर मंडळींनी विम्याच्या कागदात आपला जुना आजार धरला आहे की वगळला आहे, हे बारीक अक्षरात वाचावं. व्हिसा हाती येईपर्यंत ज्याचे पैसे परत मिळणार नाहीत असं काही विकत घेऊ नये. हे शेवटचं वाक्य मी गुरुजींना उशिरा सांगितलं.

आता खर्च. क्रोनरचा भाव आठ-नऊ रुपयांच्या आसपास असतो, निघताना तो पाहून घ्या. आकडा ऐकून बरं वाटतं, पण साध्या उपाहारगृहातलं एक ताट दोन-अडीचशे क्रोनरच्या खाली क्वचित मिळतं. आमच्या घरात पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीला नवाने गुणणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामू, गुणाकार बंद करा, नाहीतर जेवण जाणार नाही." गुणाकार बंद केला नाही, पण बाहेर जेवणं बंद केलं. तिथले लोकही रोज बाहेर जेवत नाहीत. पाव, चीज, एखादं फळ असा डबा कागदात गुंडाळून कामावर, शाळेत, डोंगरावर नेतात. आपणही तेच करावं. हॉटेलातली न्याहरी बहुधा भाड्यातच असते, ती पोटभर करावी. दुपारी किराणा दुकानातून पाव, दही, सफरचंद. संध्याकाळी शक्यतो चूल असलेल्या खोलीत आपला भात. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच आणून ठेवा. नळाचं पाणी निर्धास्त प्यावं, बाटल्या विकत घेऊ नयेत. घेतलीच, तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की अनामत परत मिळते. रोख पैसे जवळजवळ लागतच नाहीत, परदेशात चालणारं कार्ड मात्र दोन बँकांचं न्या.

घरून नेण्याचं म्हणाल तर मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून नेण्याला तिथे बंदी आहे. त्यात तूपही आलं आणि पेढेही. आमच्या घरी तुपाची बरणी बॅगेत तळाशी दडवलेली निघण्याच्या आदल्या रात्री सापडली, आणि त्यावरून जे संभाषण झालं ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही. मेतकूट, भाजणी, मसाले, डाळ-तांदूळ मात्र न्यावेत. हलाल मांस हवं असलेल्यांना ऑस्लोत अडचण नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पाकिस्तानातून मजूर म्हणून आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी तिथे आहे. ग्रोनलान्ड नावाच्या भागात कोथिंबीर आणि मिरचीसुद्धा मिळते. उत्तरेकडे जाल तसं हे विरळ होत जातं. तिथे मासे खावेत. कोकणातल्या माणसाला ती काही शिक्षा नव्हे.

मार्ग कसा आखावा? हातात आठ-दहा दिवस असतील तर दोनच भाग निवडा. ऑस्लोला दोन दिवस पुरेत. नाटकाची आवड असलेल्या मराठी माणसानं इब्सेनचं घर चुकवू नये. आयुष्याची अखेरची वर्षं तो जिथे राहिला, ती जागा राजवाड्याजवळच आहे आणि आता तिथे संग्रहालय आहे. अनंत काणेकरांनी 'घरकुल' केलं ते त्याच्याच 'अ डॉल्स हाउस'वरून. आणि १९३३ साली नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं, त्याचा आधार ब्यर्नसन या दुसऱ्या नॉर्वेजियन लेखकाचं नाटक होतं. नॉर्वेचं राष्ट्रगीत लिहिलं तेही ब्यर्नसननंच. इतक्या दूरचा देश आपल्या नाटकाच्या दिवाणखान्यात एवढ्या आधी येऊन बसला होता!

ऑस्लोहून बर्गेनला विमानानं जाऊ नका, रेल्वेनं जा. १९०९ साली पूर्ण झालेला हा मार्ग सुमारे सात तासांचा आहे. वाटेत फिन्से नावाचं स्थानक १,२२२ मीटर उंचीवर लागतं, तिथे मोटारीचा रस्ताच पोचत नाही. आम्ही गेलो तेव्हा जून अखेरीलाही रुळाशेजारी बर्फाचे ढीग होते. मिर्दाल स्थानकावर उतरून फ्लोमची छोटी गाडी पकडायची. वीस किलोमीटरमध्ये ती साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते, वीस बोगद्यांतून, तासाभरात, आणि थेट पाण्याच्या काठाला आणून सोडते. तिथून बोटीनं नेरोय फ्योर्डातून गुडवांगेन, मग बसनं वॉस, पुन्हा रेल्वेनं बर्गेन. हा सगळा प्रवास एकत्र बांधून विकला जातो. पण प्रत्येक तिकीट वेगळं काढता येतं, आणि तसं काढलं तर फ्लोमला एक रात्र राहताही येतं. जरूर राहा. दुपारची मोठी जहाजं निघून गेली की संध्याकाळी तिथे फक्त पाण्याचा आवाज उरतो. रेल्वेची स्वस्त तिकिटं थोडीच असतात आणि विक्री खुली झाली की लवकर संपतात, म्हणून ती आधी काढावीत. ६७ वर्षांवरच्या प्रवाशांना सवलत असते, ती मागून घ्यावी.

फ्योर्ड म्हणजे आपली खाडीच, असं मला आधी वाटायचं. दाभोळची खाडी बघत वाढलेला माणूस दुसरं काय समजणार? पण दोन्हींचा जन्म वेगळा. आपली खाडी म्हणजे नदीच्या खोऱ्यात शिरलेला समुद्र. ती उथळ असते, तळाला गाळ असतो, काठाला कांदळवन. फ्योर्ड हिमनदीनं कोरला. हजारो वर्षं बर्फाचा जाड थर डोंगर खरवडत समुद्राकडे सरकत होता. बर्फ वितळल्यावर त्या चरात समुद्र आला. म्हणून काठ भिंतीसारखे उभे आणि तळ फार खोल. सोग्न फ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आहे आणि त्याची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. मुखाशी मात्र तो पुष्कळ उथळ आहे, कारण समुद्राजवळ आल्यावर बर्फाची खोदण्याची ताकद कमी झाली. त्याचाच एक फाटा असलेला नेरोय फ्योर्ड एका ठिकाणी अवघा २५० मीटर रुंद आहे. हा आणि गाइरांगर फ्योर्ड मिळून २००५ साली जागतिक वारसा यादीत गेले.

बर्गेनला पाऊस. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस. आम्हाला रत्नागिरीकडच्या पावसाची घमेंड होती. पण आपला पाऊस चार महिन्यांत काय ते कोसळून मोकळा होतो, तिथला बाराही महिने टिपटिपत राहतो आणि वाऱ्यानं आडवा येतो. छत्री दहा मिनिटांत उलटी झाली. तिथे छत्री नव्हे, टोपीसकट रेनकोट हवा. अंगालगत सुती कपडा नको. तो भिजला की वाळत नाही आणि गारठा धरून ठेवतो. पातळ लोकरीचा आतला कपडा, त्यावर उबदार, त्यावर पाणी न शिरणारा. जीनची पँट घरी ठेवा. बूट नवे असतील तर निघण्याआधी महिनाभर गावात वापरा.

आता जी चूक माझ्या हातून होता होता राहिली ती सांगतो. स्टाव्हांगरजवळ प्रेइकेस्तोलेन नावाचा कडा आहे. लिसे फ्योर्डावर ६०४ मीटर उंच, वर सपाट, कठडा नाही. पायी जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चार-पाच तास. वाटेवरच्या दगडी पायऱ्या नेपाळच्या शेर्पांनी बसवलेल्या आहेत, हे कळल्यावर मला उगाचच धीर आला. अर्ध्यावर पोचलो आणि धुकं उतरलं. दगड निसरडे झाले. पत्नीचा गुडघा आधीच कुरकुरत होता. भाचा म्हणाला, "मामू, आता मागे फिरू." मी म्हणालो, इतक्या लांबून आलो, एवढा खर्च केला, आता दोन किलोमीटर राहिले, आणि परत?

तेव्हा त्यानं मला तिथला डोंगराचा नियम सांगितला. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुटीत बरेच लोक डोंगरात दगावले, त्यानंतर नॉर्वेत डोंगरावर वागण्याचे नऊ नियम घरोघरी पोचवले गेले. वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही, असं त्यातला एक सांगतो. तिथली मुलं हे लहानपणीच शिकतात. माझ्याबरोबरच्या त्या मुलानं तो नियम पाचच वर्षांत उचलला होता आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिकिटाच्या पैशांचा हिशेब करत उभा होतो. आम्ही फिरलो. उतरतानाही पत्नी दोनदा घसरली, तेव्हा वर गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला बोलून दाखवावं लागलं नाही. खाली दुकानात त्या कड्याचं चित्रकार्ड घेतलं, ते अजून माझ्या टेबलावर आहे.

म्हणून बेत आखताना प्रत्येक डोंगराच्या दिवसापुढे एक मोकळा दिवस ठेवा. हवा बिघडली तर बेत पुढे ढकलता यावा. तिथल्या हवामान खात्याचा आणि सरकारी नभोवाणीचा मिळून चालवलेला 'इर' नावाचा अंदाज इंग्रजीतही मिळतो, रोज सकाळी तो पाहावा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११३, पोलीस ११२, अग्निशमन ११०. औषधं लागतील त्याहून आठवड्याची जास्त घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा.

औषधावरून आठवलं. जिथे सूर्य मावळत नाही तिथे शरीर फसतं. ट्रोम्सोला रेल्वे जात नाही, ऑस्लोहून विमानानं सुमारे दोन तास. आम्ही पोचलो त्या रात्री साडेबाराला सूर्य उत्तरेच्या बाजूला, खिडकीतून तिरपा आत. पत्नी विचारत होती, मगरिबची वेळ कधी? मी काय सांगणार? मगरिब म्हणजे सूर्य मावळल्यावरची नमाज. तिथले पुष्कळ मुसलमान रोज्याला आणि नमाजीला मक्केचं वेळापत्रक धरतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. धर्माला घड्याळ सापडलं, झोपेला मात्र सापडत नव्हतं. डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी न्या, आणि रक्तदाबाची गोळी उजेडावर नव्हे, घड्याळावर घ्या.

ट्रोम्सोहून किनाऱ्यानं जाणाऱ्या जहाजात बसलो. ही सेवा १८९३ पासून चालू आहे. बर्गेन ते किर्केनेस, ३४ बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस. पूर्ण फेरी खर्चिक आहे, पण एका बंदरापासून दुसऱ्यापर्यंतचं तिकीट मिळतं हे फार जणांना ठाऊक नसतं. मध्यरात्रीनंतर निघालो, दुसऱ्या संध्याकाळी लोफोटेनच्या स्वोल्वेरला उतरलो. तिथे हिवाळ्यात धरलेला कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर वाळत घालतात, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा मांडव रिकामे होते, वास तेवढा होता. पत्नीनं खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटतंय."

गुरुजींचं पुढे काय झालं, ते राहिलं. आगाऊ भरलेले पैसे परत द्यायला त्या माणसानं नकार दिला. पत्रव्यवहार झाला, गुरुजींनी शुद्ध मराठीत चार पत्रं लिहिली. शेवटी थोडी रक्कम कापून तारीख फेब्रुवारीची करून मिळाली. चार रात्री ट्रोम्सोला, बाकी ऑस्लोत. थंडीचं त्यांना भय होतं. मी म्हटलं, किनाऱ्यावरून उष्ण सागरी प्रवाह जातो, त्यामुळे ट्रोम्सोला पारा शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपास असतो, आतल्या भागात तो पुष्कळ खाली जातो. खरी भीती थंडीची नाही, रस्त्यावरच्या गुळगुळीत बर्फाची. बुटाखाली अडकवायचे लोखंडी काटे तिथल्या दुकानात मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या आणि वहिनींना एक पाऊलही त्यांच्याशिवाय टाकू देऊ नका.

परवा पुन्हा फोन आला होता. "कविराज, शेवटचंच विचारतो. भाजणी नेलेली चालेल ना?"

"भाजणी चालेल, गुरुजी. लोणी नको."

"मग थालीपीठ कशाशी खायचं?"

मी म्हटलं, तिथे लोणी चांगलं मिळतं.